बोटीच्या अंगावरचा पत्ता

सांता बार्बारा दे सामाना
१९ जानेवारी

ईलियुद,

हे पत्र डॉर्कास मावशी घेऊन येतेय. तिकडे अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला पोचली की रविवारी चर्चनंतर ती तुला गाठणार आहे. तेव्हा पळू नकोस, तिचे गुडघे दुखतात. सोबत पत्र्याच्या डब्यात नारळाचा पाव आहे. पाव खा आणि डबा परत पाठव. डबा आईचा आहे.

फोन तू उचलत नाहीस, ई-मेल उघडत नाहीस. सहा वर्षं मीही गप्प बसले. त्याचं कारण आज लिहीत नाही.

देवमासे आले. मंगळवारी सकाळी खाडीवर इतकं धुकं होतं की समोरचं बेटसुद्धा दिसेना. पापांनी मध्येच इंजिन बंद केलं. प्रवासी घाबरले, बिघडलं की काय म्हणून. आपल्या म्हाताऱ्या खलाशाने, बिएनवेनीदोने, सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. पापा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फळीला कान लावला. मी तळवा टेकवला तर आत गुदगुल्या झाल्या. खालून गाणं येत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. धुक्यात आम्ही वीसएक माणसं फळीवर हात ठेवून बसलो होतो, कोण कुठल्या देशातून आलंय तेही विसरून. मग पापा उठले आणि म्हणाले, "आले गं पोरी. उशीर केला, पण आले."

वीसएक नव्हतो, अकरा होतो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आपल्या बोटीवर, सोराइदावर, तीस जागा आहेत आणि हल्ली अर्ध्याही भरत नाहीत. पापा अजून निघण्याआधी धक्क्यावर यादी मोठ्याने वाचतात, ज्याचं नाव येतं तो "हजर" म्हणतो आणि मगच चढतो. पूर्वी ती यादी वाचता वाचता त्यांचा घसा बसायचा. आता दोन मिनिटांत संपते.

लास तेरेनासचा एक हॉटेलवाला बोट मागतोय. मार्चअखेर त्याला उत्तर हवंय. तो तिच्यावर रंगीत दिवे लावून दारूचा गुत्ता करणार, आणि नाव बदलणार. आईचं नाव! पापा म्हणाले, "हंगाम भरला तर नाही म्हणेन. नाही भरला तर देऊन टाकेन. या वयात रिकाम्या बोटीला सलाम ठोकत बसायचा कंटाळा आला."

हंगाम भरायचं काम माझं आहे. लोक फोनवर सामाना आणि देवमासे असं काही शोधतात, वर आमची जाहिरात दिसते, कोणी क्लिक केलं की आमचे पैसे कापले जातात. क्लिक करणारा बोटीत बसला तर ठीक, नाही तर गेले पाण्यात. हे सगळं तूच मला शिकवलंस. पण यंदा क्लिक धो धो येताहेत आणि माणसं थेंब थेंब. काय चुकतंय ते मला कळत नाही. तुला एका मिनिटात कळलं असतं.

नोएमी

२ फेब्रुवारी

ईलियुद,

डबा आला. धुतलेला, पुसलेला, आत एक शब्द नाही. म्हणजे पाव खाल्लास. तोंडाला कुलूप आहे, पोटाला नाही.

काय चुकतंय ते मला सापडलं. दोन दिवस अहवाल उकरत बसले होते. आमची जाहिरात शोधाच्या पानावर दिसते असं मी समजत होते. पण सुरुवातीला एका चौकोनात आपोआप खूण होती, 'सोबतच्या इतर पानांवरही दाखवा', आणि ती मी तशीच राहू दिली. फुकट मिळतंय तर घ्या, असं वाटलं. ही इतर पानं म्हणजे काय, तर वेबसाइटची पडून असलेली नावं. कोणीतरी नाव विकत घेऊन ठेवलेलं, आत ना घर ना दार. रिकाम्या प्लॉटवर नुसत्या पाट्या ठोकाव्यात तशा जाहिराती. वाट चुकलेला माणूस तिथे येतो, काहीच नाही म्हणून दिसेल त्या पाटीवर क्लिक करतो आणि क्षणात परत फिरतो. शोधून आलेल्या शंभर माणसांतली पाच-सहा जागा घेतात. या पाट्यांवरून आलेल्या शंभरातला एकही नाही. आणि आमचे अर्ध्याहून जास्त पैसे या पाट्याच खात होत्या.

आता ऐक. त्या पानांची यादी मिळाली. सगळ्यात वर जे नाव होतं ते वाचून मी खुर्चीवरून उठले. आमच्याच बोटीचं नाव. सोराइदा रेडमन डॉट कॉम. आपली जुनी वेबसाइट, जी तू बनवली होतीस आणि तुझ्या नावावर घेतली होतीस. मी उघडून पाहिलं. खाडीचे फोटो नाहीत, आईबद्दलचा मजकूर नाही. पांढऱ्या पानावर ओळी: देवमासे पाहा, स्वस्त हॉटेल, बोटीचा विमा. दुसऱ्या ओळीत आपलीच गिऱ्हाइकं पळवणाऱ्या अस्तुदियोच्या बोटी. पहिल्या ओळीत आम्ही.

डॉर्कास मावशीने सांगितलंय तू कशावर जगतोस ते. चारशे नावं घेऊन ठेवलीयत म्हणे, सगळी पडीक, पाट्यांच्या भाड्यावर घर चालतं. म्हणजे आमच्या प्रत्येक फुकट गेलेल्या क्लिकमधला तुकडा फिरून तुझ्या खिशात जातो. शाब्बास! बापाने कप्तानाची टोपी काढून घेतली म्हणून बापाचा खिसा कापायचा, आणि तोही आईच्या नावाने.

त्या दिवशी चूक झाली हे मान्य कर. पिल्लू असलेल्या मादीच्या इतकं जवळ बोट कोणी नेत नाही. एक अख्खा हंगाम आपला परवाना गेला. पापा सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या बोटीच्या यादीत तुझं नाव पुन्हा येणार नाही." मी बिएनवेनीदोच्या मागे उभी होते. मी ऐकलं.

या वेळी पाव नाही.

नोएमी

१३ फेब्रुवारी

ईलियुद,

मागचं पत्र रागात लिहिलं. सगळंच मागे घेत नाही, थोडं घेते.

मला एक कोडं पडलं होतं. त्या पडीक पानावरचे बहुतेक क्लिक न्यूयॉर्कहून किंवा माद्रिदहून येत नव्हते, इथूनच येत होते. सामानाच्या धक्क्यावरून, सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान. इथे उभं राहून कोण टाइप करतंय? म्हणून सोमवारी मी तिकिटाची खिडकी बंद करून धक्क्यावर जाऊन बसले.

सान्तियागोहून आलेली एक बाई, डोक्यावर भलीमोठी हॅट, बोटीसमोर उभी राहिली. "किती गोड बोट!" म्हणाली. फोन काढला, बोटीकडे बघत बघत काहीतरी टाइप केलं. मग कपाळाला आठ्या घालून मलाच विचारलं, "बाई, ही बोट बंद पडली का? हे तर विम्याबिम्याचं काहीतरी आलं."

"बंद कशी पडेल? समोर उभी आहे की."

"नाही, पण इथे दुसऱ्याच बोटी दाखवतायत. बरं, यांचीच बघते." आणि ती अस्तुदियोच्या रांगेत जाऊन उभी राहिली. माझ्या डोळ्यांसमोर!

मी वळून बोटीकडे पाहिलं. रोज पाहते, म्हणून कधी दिसलंच नव्हतं. तिच्या अंगावर, पाण्याच्या रेषेच्या वर, तू निळ्या रंगात काढलेली अक्षरं अजून तशीच आहेत: सोराइदा रेडमन डॉट कॉम. दर डिसेंबरला बोट किनाऱ्यावर ओढतात, खरवडतात, सगळी नवी रंगवतात. तेवढी अक्षरं मात्र पापा स्वतः बारीक ब्रशने पुन्हा गिरवतात. सहा वर्षं. मी नवीन पत्ता घेतला, छापील कागद बदलले, जाहिराती केल्या, आणि आमची बोटच माणसांना तुझ्या रिकाम्या प्लॉटवर धाडत होती. त्यातली काही आमच्या पाटीवर क्लिक करून परत आमच्याच तिकिटाच्या खिडकीवर यायची, म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाला आत घ्यायला आम्ही पैसे मोजत होतो. उरलेली अस्तुदियोकडे.

संध्याकाळी मी पापांना म्हटलं, "ती निळी अक्षरं पुसू या. नवा पत्ता मी लिहिते."

"नको."

"पापा, गिऱ्हाइकं दुसरीकडे जातायत."

"जाऊ दे."

"पण का?"

"अक्षर चांगलं आहे," असं म्हणून ते दोर गुंडाळायला गेले. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे समुद्राला झाडूने मागे लोटणं.

आणखी एक. सकाळची यादी वाचून झाली की पापा जरा थांबतात. कागद हातात, नजर धक्क्याच्या टोकाकडे. दोन श्वास, तीन श्वास. प्रवाशांना वाटतं हवा बघतायत. मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं.

नोएमी

२६ फेब्रुवारी

ईलियुद,

ते नाव मी बंद केलं. आमची जाहिरात आता तुझ्या पानावर दिसणार नाही, कुठल्याच पडीक पानावर दिसणार नाही. खूण काढायला दोन सेकंद लागले. दोन महिने दोन सेकंदांसाठी जळले.

क्लिक एकदम पाचातला एक एवढेच उरले. पहिले दोन दिवस तर वाटलं बोट बुडवली मी. पण जे येतात ते माणसं असतात, थांबतात, वाचतात, विचारतात. काल बावीस जण होते. उद्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला सव्वीस आहेत. बिएनवेनीदो म्हणतो, "जाळं लहान केलंस आणि मासे वाढले, हे कुठलं गणित?" मी म्हटलं, "भोकं बुजवली, म्हातारबा."

मग आज सकाळी पापा कॉफी घेऊन माझ्याकडे आले, फोन पुढे धरून. "पोरी, हे पान बिघडलंय. रोज आपली बोट दिसायची. चार दिवस झाले, दिसत नाही."

पान तुझं होतं. मी विचारलं, "तुम्ही हे रोज उघडता?"

"कॉफीबरोबर."

"आणि उघडून काय करता?"

"ईलियुदने मांडणी बदललीय ना. फोटो कुठे ठेवलाय तो कळत नाही. मग एकेक ओळ दाबून बघतो. रोज एक-दोन. आज नाही सापडला तर उद्या."

तो फोटो. तू सुकाणूवर, तोंडभर हसतोयस, मागे मादीची काळी पाठ आणि तिच्या कुशीला पिल्लू. पापांना वाटतं तो अजून आत कुठेतरी आहे आणि बरोबर दार ठोठावलं की सापडेल. सहा वर्षं रोज, ईलियुद. त्या ओळी जाहिराती आहेत हे त्यांना माहीतच नाही. मी सांगितलंही नाही. आतल्या खोलीत जाऊन रडले.

काल रात्री स्वप्न पडलं. खाडीत पाणी नव्हतं, नुसत्या पाट्या होत्या, पांढऱ्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. पापा एकेका पाटीमागे डोकावत चालले होते. मी हाका मारत होते, पण माझ्या तोंडून एकच शब्द निघत होता. "जवळ."

तो शब्द तुला आठवत असेल. तू कधीच कोणाला सांगितला नाहीस. मीही नाही. त्या दिवशी कॅमेरा माझ्या हातात होता. वेबसाइटसाठी असा फोटो हवा होता की अस्तुदियोची जिरेल. तू म्हणालास, "बस, एवढंच अंतर." मी ओरडले, "अजून जवळ! आणखी जवळ!" तू माझं ऐकलंस. मग धक्क्यावर तुझी टोपी गेली आणि मी बिएनवेनीदोच्या पाठीमागे लपून राहिले. पहिल्या पत्रात कारण लिहीत नाही म्हटलं होतं ते हेच. आणि तुला वर 'चूक मान्य कर' म्हणून सुनावलं! माझी जीभ कशी झडली नाही?

डब्यात पाव आहे. दोन आहेत.

नोएमी

७ मार्च

ईलियुद,

पापांना सांगितलं.

उपासाचे दिवस चालू आहेत. मी गोड घेवडा केला होता, रताळं आणि नारळाचं दूध घालून, आई करायची तसा. ते ओट्याशी उभ्यानेच खात होते. मी म्हटलं, "पापा, त्या दिवशी जवळ जा असं मी ओरडले होते. ईलियुद नको म्हणत होता."

त्यांनी चमचा चाटला. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी अस्तुदियोच्या बोटीवर होतो त्या दिवशी, त्याचं इंजिन बघायला. पाण्यावरून आवाज लांब जातो पोरी. आणि तुझा आवाज तर देवाची देणगी आहे."

"मग त्यालाच का बोललात? मला का नाही?"

"सुकाणू त्याच्या हातात होतं. सुकाणू ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. बहीण ओरडो नाही तर बिशप ओरडो." वाटी धुतली, पालथी घातली. "टोपी काढली ते बरोबर होतं. ते यादीचं बोललो ते नको होतं. बोट माझी, तोंड माझं, म्हणून बोललो. आता शब्द गिळायचा तर तो आधी समोर यायला हवा ना?"

एवढंच झालं. तुला समजावत नाही, ये म्हणत नाही. हॉटेलवाला शुक्रवारी बोटीचं माप घेऊन गेला. यादी कधी सव्वीस असते, कधी अठरा. मार्चअखेरपर्यंत काय होईल माहीत नाही. निळी अक्षरं रोज पाच-दहा माणसं अस्तुदियोकडे पाठवतात, आणि पापा ती पुसणार नाहीत. ते नाव तुझ्याकडे आहे. पुढचं तू बघ.

नोएमी

१९ मार्च

ईलियुद,

हे पत्र कोणाबरोबर पाठवत नाही. का ते खाली येईलच.

गुरुवारी सकाळी पापांनी अंगणातून हाक मारली. अशी हाक आई गेल्यापासून ऐकली नव्हती. मी ओल्या केसांनी धावत गेले. ते फोन दोन्ही हातांत धरून उभे होते, आणि कॉफी जमिनीवर सांडलेली. "बघ! मी म्हणत नव्हतो, आत आहे म्हणून?"

पाट्या गेल्या होत्या. अख्ख्या पानावर तो फोटो. खाली एकच ओळ: 'सोराइदा रोज सकाळी नऊ वाजता निघते', आणि त्यावर क्लिक केलं की आमच्या जागांचं पान. पापांनी ती ओळ दाबली नाही. शोधायचं काही उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून धक्क्यावरचा माणूस निळी अक्षरं टाइप करतो आणि सरळ आमच्याकडे येतो. एक पैसा पडत नाही. सान्तियागोच्या दोन बसगाड्या अशाच आल्या. अस्तुदियो मला म्हणाला, "कुठल्या संताला नवस बोललीस?" मी म्हटलं, "आहे एक. हट्टी आहे, पण पावतो."

अहवाल बघायची सवय लागलीय. जुन्या नावावरून किती आले, किती बसले, हे रोज बघते. या हंगामात त्या पानावरून एकही जागा गेली नव्हती. पहिली गेली ती गुरुवारीच, दुपारी. प्रॉव्हिडन्सहून. एक जागा, रविवार, २४ मार्च. 'काही सांगायचं आहे का' या चौकटीत लिहिलं होतं, 'मला बोट लागत नाही. जीवनरक्षक जाकीट मोठं लागेल, जाड झालोय.'

मी खुर्चीवर बसून हसले आणि हसता हसता रडले.

पापांना सांगितलेलं नाही. यादी मी छापते, ते फक्त वाचतात. चष्मा लावून.

नोएमी

२४ मार्च, बोटीवरून

ईलियुद,

तू माझ्यापासून तीन बाकं पुढे बसलायस. पाठ दिसतेय. खरंच जाड झालायस. उठून तुझ्याशेजारी बसायचं धाडस होत नाही म्हणून यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. बोट हलतेय, अक्षर समजून घे.

धक्क्यावर तू पार मागे, गर्दीच्या टोकाला उभा होतास, म्हणून तुला त्यांचा चेहरा दिसला नसेल. मला दिसत होता. हॉटेलवालाही आला होता, उत्तर मागायला. पापा त्याला म्हणाले, "थांब, आधी यादी." एकोणतीस नावं वाचली. एकोणतीस वेळा कोणीतरी "हजर" म्हणालं. मग तिसावं नाव आलं, मी अगदी खाली, जरा अंतर सोडून छापलेलं. पापा थांबले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता कागद दुमडून ठेवतील.

आणि मग ते वाचलं त्यांनी. हळू नाही, तोंडातल्या तोंडात नाही. पूर्ण नाव, आईने ठेवलं होतं तसं, अस्तुदियोच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. "ईलियुद सामुएल रेडमन!"

तू लगेच बोलला नाहीस. एक श्वास गेला, दोन गेले. पापा धक्क्याच्या टोकाकडे बघत होते, सहा वर्षं रोज बघतात तसे. मी मनात म्हणत होते, अरे बोल ना गाढवा!

"हजर."

पापांनी मान हलवली. हॉटेलवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "जागा नाही. यादी भरली."

आता इंजिन बंद झालंय. सगळे गप्प आहेत. पापा गुडघ्यांवर बसून फळीला कान लावताहेत. मग त्यांनी मान वर केली, तुझ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या फळीवर दोनदा थाप मारली. ये, इथे ऐक, म्हणून.

तू उठलास. मी कागद दुमडतेय. मीही येते.